गावातल्या बोलण्यावर संशोधन कसं करावं: खान्देशातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

दर जूनमध्ये एक तरी विद्यार्थी माझ्याकडे ठरलेला विषय घेऊन येतो: ‘अहिराणी बोलीतील लुप्त होत चाललेले शब्द: एक चिकित्सक अभ्यास’. मी विचारतो, शब्द कुठून मिळवणार? उत्तर येतं, ‘आजीला विचारणार.’ मग आजी बिचारी दोन दिवस आठवून आठवून मोट, नाडा, सोंदूर असं काहीबाही सांगते, पोरगा यादी करतो आणि यादीच्या वर-खाली दोन पानं मजकूर लिहून प्रबंधिका बांधून टाकतो. आजीशी बोलताना तो स्वतः अहिराणी ‘शे’वरून मराठी ‘आहे’वर कधी सरकला, कशामुळे सरकला, याची नोंद मात्र कुठेच नसते. खरा विषय तोच होता.

यादीला माझा विरोध नाही. कोशकारांना ती लागतेच. पण भाषा, संस्कृती आणि बोलण्याचा व्यवहार यांच्यावर सध्या जे अभ्यास होतात, त्यात सुटा शब्द मागे पडला आहे. कोण कुणाशी, कुठे, कोणत्या वेळी कसं बोलतं, हे पाहिलं जातं. इंग्रजीतल्या ‘डिस्कोर्स’ला आपल्याकडे कुणी संभाषित म्हणतं, कुणी चर्चाविश्व, कुणी चक्क प्रवचन. आमच्याकडे प्रवचन म्हटलं की लोक सतरंजी शोधायला लागतात, म्हणून मी सरळ ‘बोलणं’ म्हणतो. एका सत्रात, एका फोनवर आणि जवळपास फुकटात होईल असा अभ्यास कसा उभा करायचा, ते पुढे सांगतो.

प्रश्न आधी, शीर्षक शेवटी

प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये सापडू शकेल. ‘अहिराणीवर जागतिकीकरणाचा परिणाम’ या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही ओसरीवर मिळत नाही. त्याऐवजी असे प्रश्न घ्या. कापूस विकायला जिनिंगवर गेलेला शेतकरी भाव विचारताना अहिराणीत बोलतो की मराठीत, आणि घासाघीस सुरू झाली की त्यात बदल होतो का? ग्रामसभेत ‘ठराव’, ‘अनुमोदन’, ‘इतिवृत्त’ हे शब्द कोण वापरतं, आणि ते आल्यावर कोण गप्प होतं? पुण्याहून आलेला नातू कोणत्या वाक्याला बोलीवर येतो? रावेर-यावलकडे मृगबाग, कांदेबाग, नवती, पिलबाग हे केळीचे शब्द बोलणारा बागायतदार परप्रांतातल्या व्यापाऱ्याला तेच कोणत्या भाषेत समजावतो?

या प्रश्नांत माणसं आहेत, जागा आहे आणि काहीतरी बदलतंय. या तीनपैकी एक जरी नसेल तर प्रश्न अजून शिजलेला नाही असं समजा. आणि एका अभ्यासाला एकच प्रश्न ठेवा. दोन घेतलेत तर दोन्ही अर्धे राहतील.

कोणती बोली, ते नीट ओळखा

खान्देश म्हणजे अहिराणी, हे समीकरण बाहेरच्यांनी केलं आणि आपणही पाठ केलं. धुळे, नंदुरबार, जळगावचा पश्चिम भाग आणि नाशिक जिल्ह्यातला बागलाण-मालेगावकडचा पट्टा हा अहिराणीचा. जळगावच्या पूर्वेला लेवा गणबोली आहे, तावडी आहे, गुजरांची गुजरी आहे. सातपुड्यात भिली, पावरी आणि मावची आहेत. बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी आहे. बहिणाबाई चौधरींच्या कवितेची भाषा अहिराणी असल्याचं भाषणांतून अजून सांगितलं जातं. बहिणाबाई असोद्याच्या आणि त्यांची बोली लेवा गणबोली.

फरक ओळखायला एक सोपी कसोटी आहे. अहिराणीत षष्ठीला ‘ना-नी-नं’ लागतो: गावना पोऱ्या, गावनी नदी, गावनं पानी. लेवा बोलीत तिथे ‘चा-ची-चं’ असतो. उलट ‘माले-तुले’ किंवा ‘मले-तुले’ यातला ‘ले’ दोन्हीकडे आहे, वऱ्हाडीतही आहे. म्हणून निव्वळ ‘ले’ ऐकून अहिराणी म्हणू नका. ‘ळ’च्या जागी ‘य’ येणं, म्हणजे डोळ्याचा डोया, शाळेची शाया आणि जळगावचं जयगाव, हेही दोन्हीकडे सापडतं.

आधीचं वाचन: थोडं, पण मुळातून

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये निघाला. खानदेशी त्यात भिल्ली भाषांसोबत आहे, मराठीच्या खंडात नाही. त्यावरून शंभर वर्षं वाद चालू आहे: अहिराणी मराठीची बोली, गुजरातीची बहीण की स्वतंत्र भाषा? तुमच्या छोट्या अभ्यासात हा वाद सोडवायला जाऊ नका. तिथले नमुने मात्र पाहा. बहुतेक ठिकाणी बायबलमधल्या उधळ्या पुत्राची गोष्ट भाषांतर करून घेतलेली आहे. तुलनेला ते सोयीचं असलं, तरी त्या नमुन्यातून बाजारात माणूस कसा बोलतो ते कळत नाही. तुमचं काम नेमकं तिथून सुरू होतं.

जनगणनेचे आकडे घ्याल तेव्हा सांभाळून. खानदेशी मातृभाषा सांगणारे १९९१ मध्ये ९ लाख ७३ हजारांच्या आसपास होते, २००१ मध्ये २० लाख ७५ हजार, २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत कुठलीही भाषा दुप्पट होत नाही आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाख माणसं ती विसरतही नाहीत. दारात आलेल्या प्रगणकाला लोकांनी काय सांगितलं आणि ते कोणत्या नावाखाली मोजलं गेलं, एवढंच या आकड्यांतून कळतं. ‘अहिराणी सांगू की मराठी सांगू’ हा उंबऱ्यावरचा विचार हाच एक स्वतंत्र प्रबंध आहे. कुणीतरी करा.

याशिवाय गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड पाहा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत केलेलं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतं. प्रबंधांसाठी शोधगंगा हे संकेतस्थळ आहेच. धुळ्यात असाल तर राजवाडे संशोधन मंडळात एक दिवस घालवा. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं.

एक अभ्यास मात्र शोधून वाचाच. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर लिहिलं. तिथे मराठी, कानडी आणि उर्दू बोलणाऱ्यांनी आपापले शब्द वेगळे ठेवले होते, पण शतकांच्या शेजारामुळे वाक्याची घडण इतकी जवळ आली होती की एका भाषेच्या जागी दुसरीचे शब्द ठेवत जावं आणि वाक्य चालून जावं. शिरपूर, शहादा, तळोदा या बाजारगावांत हेच पाहण्यासारखं आहे. शब्द वेगळे ऐकू आले म्हणून व्याकरणही वेगळंच असेल असं धरून चालू नका.

माणसं आणि परवानगी

जुन्या बोलीसर्वेक्षणांना म्हातारा, खेडूत, गाव न सोडलेला पुरुष आवडायचा, कारण त्याची भाषा ‘शुद्ध’. आपल्या कामाला असं शुद्ध कुणी नको. पाच-सहा माणसं पुरतात, पण ती एकमेकांशी खरोखर बोलणारी हवीत: सासू-सून, दुकानदार-गिऱ्हाईक, शाळा सुटल्यावरची पोरं.

बायकांच्या नोंदीत माहेर लिहिणं कधीही चुकवू नका. अहिराणीच्या शिंदखेड्यात वीस वर्षं नांदलेली बाई लेवा बोलीच्या फैजपूरकडची असेल तर तिच्या बोलण्यात दोन बोली असतात, आणि माहेरच्या फोनवर ती तिसऱ्याच सुरात बोलते. माझ्या पहिल्या अभ्यासात मी फक्त ‘गाव’ असा रकाना ठेवला होता. चार महिन्यांनी लक्षात आलं की मी ज्याला ‘तरुण पिढीतला बदल’ म्हणत होतो, ते तीन सुनांचं माहेर होतं. अख्खं प्रकरण फाडलं.

परवानगी तोंडी चालेल, पण रेकॉर्डिंगवर हवी आणि त्यांच्याच बोलीत मागितलेली हवी: मी काय टिपणार, कोण ऐकणार, नाव येणार की नाही, आणि उद्या ‘नको’ म्हणालात तर पुसून टाकीन. कानबाई या देवीच्या उत्सवात तर दोनदा विचारा. श्रावणातल्या त्या रविवारी रात्रभर बायका गातात, सोमवारी विसर्जन होतं. ज्या घरातला प्रसादाचा रोट भाऊबंदकीबाहेर जात नाही, त्या घरातलं गाणं फोनमधून बाहेर नेताना विचारायला नको का? ‘गावकऱ्यांनी आनंदाने सहकार्य केले’ असं प्रस्तावनेत लिहून परवानगी मिळत नसते. आणि भिली किंवा पावरी तुम्हाला येत नसेल तर त्या समाजातला सहकारी घ्या. त्याचं नाव लेखक म्हणून छापा, आभाराच्या ओळीत नको.

रेकॉर्डिंग

फोन पुरतो. फक्त डब्ल्यूएव्ही स्वरूपात टिपणारं अ‍ॅप घ्या: ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, एक वाहिनी. मिनिटाला साधारण ५ एमबी जागा जाते, तासाला ३०० एमबीच्या थोडं वर. एमपी३ जागा वाचवतं, पण त्यात आवाजातले बारकावे छाटले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली ध्वनिफीत तर मूळ मानूच नका.

फोन विमान मोडवर ठेवा. पंखा बंद करा, आणि मे महिन्यात ते जमणार नसेल तर सकाळी सातला जा. पत्र्याच्या छपराखाली पावसात बसू नका. शंभर-दोनशे रुपयांचा कॉलरचा माइक फोनच्या माइकपेक्षा बहुतेक वेळा बरा. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरची गाणी टिपताना मी जमिनीवर फोन धरून उभा होतो. आवाज जवळ यायचा, लांब जायचा, आणि घरी येऊन ऐकलं तर अर्धी ओळ लिंबाच्या झाडावर गेलेली. माइक गाणाऱ्या मुलीच्या ओढणीला लावायचा, हे मला एका नववीतल्या पोरीने सांगितलं.

यंत्र समोर असलं की माणूस ‘चांगलं’ बोलायला जातो. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी याला निरीक्षकाचा पेच म्हटलं आहे: कुणी पाहत नसताना लोक कसे बोलतात ते आपल्याला हवं असतं, आणि ते मिळवायला पाहावंच लागतं. त्यावर उपाय साधे आहेत. पहिली पंधरा मिनिटं हिशेबात धरू नका. प्रश्न कमी विचारा. शेंगा फोडणं, भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं कळणं दळायला काढणं असं हाताचं काम चालू असताना बसा. आणि तुम्ही स्वतः बोलीतच बोला. तुम्ही ‘आपण कुठे राहता?’ म्हणालात तर समोरून ‘शे’ येणार नाही.

फाइलला त्याच रात्री नाव द्या: तारीख, गावाचा संकेत, क्रमांक. तीन प्रती करा, त्यातली एक घराबाहेर ठेवा. वहीत लिहा: कोण कोण होतं, कोण मध्येच आलं, कोण उठून गेलं. आवाजात हे दिसत नाही.

लिहून काढणं

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि सगळ्यात जास्त लबाडीही इथेच होते. दहा मिनिटांचं बोलणं नीट उतरवायला माझ्या विद्यार्थ्यांना दीड-दोन तास लागतात. मग कुणीतरी फोनमधलं आवाजाचं मजकुरात रूपांतर वापरतं. ही यंत्रं मुख्यतः प्रमाण मराठीवर शिकलेली असतात, त्यामुळे ‘शे’ ऐकून ती जवळचं काहीतरी मराठी ठेवून देतात. जो बदल आपल्याला शोधायचा होता तोच पुसला जातो. कच्च्या आराखड्यापुरतं वापरा, पण प्रत्येक ओळ कानाने तपासा.

माणसंही तेच करतात. माझ्या पहिल्या वहीत एक म्हातारा सलग प्रमाण मराठीत बोललेला दिसतो. तो तसा बोललाच नव्हता. माझा हात शाळेत शिकलेला होता.

आधी एका पानाचे लेखननियम ठरवा. ‘मन्हं’ लिहायचं की ‘मना’? ‘ऱ्हायना’ की ‘राहिना’? काहीही ठरवा, पण शेवटपर्यंत तेच ठेवा. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च देवनागरीत सारखे दिसतात. उच्चार हाच तुमचा विषय असेल तर एकाखाली नुक्ता द्या किंवा आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरा. विषय बोलण्याचा व्यवहार असेल तर एवढ्या खोलात जायची गरज नाही. तिथे थांबे, एकमेकांवर चढलेलं बोलणं आणि अर्धवट सुटलेली वाक्यं महत्त्वाची. गेल जेफरसन यांनी त्यासाठी केलेल्या खुणा जगभर चालतात: कंसातला आकडा म्हणजे सेकंदांचा थांबा, चौकटी कंस म्हणजे दोघं एकाच वेळी बोलले.

शिकवण्यासाठी मी रचलेला एक नमुना पाहा. आजी स्वयंपाकघरात आहे आणि नातू नुकताच शहरातून आला आहे.

आजी: कव्हय उना रे?
नातू: आत्ताच आलो, आजी.
आजी: बठ. जेवी ले.
नातू: हो, बसतो. (०.८) कयनानी भाकर [शे का व?]
आजी: [शे ना.] तुन्हासाठे करेल शे.

नातवाने दोनदा मराठीत उत्तर दिलं, पाऊण सेकंद थांबला आणि कळण्याची भाकर मागताना बोलीवर आला. आजीने एकदाही भाषा बदलली नाही, त्याच्यावर टीकाही केली नाही, पण त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर दिलं. तो थांबा लिहिला नसता तर वळण कुठे आलं ते सापडलं नसतं. आणि ‘आलो’चं ‘उनू’ करून टाकलं असतं तर अभ्यासच संपला होता.

संगणक असेल तर नायमेखेनच्या माक्स प्लांक संस्थेचं ‘एलान’ हे सॉफ्टवेअर मोफत उतरवून घ्या. त्यात आवाजाखाली पट्ट्या करता येतात. तीन पुरतात: जसं बोललं तसं, शब्दशः फोड, मराठी अर्थ. फोड करताना प्रत्यय आडव्या रेघेने तोडा: गाव-ना, मा-ले, कर-स. उच्चार मोजायचे असतील तर अ‍ॅमस्टरडॅममध्ये तयार झालेलं ‘प्राट’ आहे, तेही मोफत.

अर्थ लावणं

सिद्धान्ताची पोथी आधी उघडू नका. उतरवलेली पानं तीन वेळा वाचा आणि भाषा जिथे वळली त्या प्रत्येक जागी समासात खूण करा. मग प्रत्येक खुणेला विचारा: याच्या आधी काय झालं? कुणी आत आलं का? विषय बदलला का? पैसा, आजार, सरकार किंवा देव यांपैकी काही आलं का? काही मागायचं होतं का? वीस-पंचवीस खुणांनंतर गट आपोआप पडतात.

त्यानंतर साधनं. बोलण्याची पाळी कोण कशी घेतं हे पाहायचं असेल तर सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांचं १९७४ चं काम. कुणी अनुभव सांगत असेल, दुष्काळाचा किंवा विहिरीत पडलेल्या बैलाचा, तर लबॉव्ह आणि वालेट्स्की यांनी १९६७ मध्ये दाखवलेली कथनाची बांधणी घ्या. त्यात सांगणारा घटना थांबवून ‘आता काय करावं माणसाने!’ असं म्हणतो, त्या जागांवर लक्ष ठेवा. माझ्या नोंदींत म्हातारी माणसं नेमकी तिथेच म्हणी आणतात आणि कलेक्टर-तलाठ्याचं बोलणं मात्र मराठीत जसंच्या तसं ऐकवतात. सत्तेचा आवाज मराठीत, स्वतःचा अहिराणीत. हे मला कुठल्याही पुस्तकाने आधी सांगितलं नव्हतं.

आकडे द्या, पण औकातीत. सहा माणसांवरून ‘खान्देशातील ६७ टक्के लोक’ असं लिहू नका. ‘सहापैकी चौघांनी’ म्हणा. परीक्षक बरा असेल तर त्यालाही तेच आवडतं.

छापणं

विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे ‘यादीतलं नियतकालिक’ या शब्दावर आता कुणी पैसे मागितले तर हसून सोडून द्या. मीही एकदा एका नियतकालिकाला दीड हजार भरले होते. चार दिवसांत ‘परीक्षण’ होऊन लेख छापून आला, त्यात माझ्या गावाचं नाव चुकीचं. नियतकालिक निवडताना मागचे दोन अंक वाचा. त्यातला एक तरी लेख तुमच्या कामाशी बोलतो का ते बघा. परीक्षणाला महिने लागत असतील तर ती चांगली खूण.

छापण्याआधी मजकूर घेऊन पुन्हा त्या घरी जा आणि वाचून दाखवा. आमच्या एका विद्यार्थिनीने असं केलं तेव्हा म्हातारीने तिसऱ्याच ओळीला अडवलं: ‘मी असं म्हटलंच नही.’ रेकॉर्डिंग लावलं तर म्हातारी बरोबर होती. जाताना तिच्या नातवाच्या फोनमध्ये मूळ ध्वनिफीत टाकून द्या. फाइलचं नाव तारखेचं आणि संकेताचं ठेवू नका, त्यांना सापडेल असं ठेवा. त्या म्हातारीच्या फाइलचं नाव आहे ‘मायनी गोठ’, आईची गोष्ट.